शिवेची फेरी

आमच्या पॅरिशची शीव नकाशावर नव्हती,
ती पोरांच्या ढुंगणावर होती.
मे महिना लागला की पाद्री पुढे,
मागे विलोच्या काठ्या घेतलेला सगळा गाव,
आणि खुणेच्या प्रत्येक दगडावर
एकेका पोराला उचलून आपटायचे.
म्हणजे साठ वर्षांनी तंटा उभा राहिला
की तोच म्हातारा होऊन शपथेवर सांगेल:
इथेच. इथेच मला लागलं होतं.

हे मी वाचलं मनोऱ्याखालच्या गार खोलीत,
तीन कुलपांच्या पेटीतल्या हिशेबवहीत.
मी डॉर्कस थ्रॅपल. नेदर ऑल्डिंगची सुईण,
एकेचाळीस वर्षं, सायकलवर, मग छोट्या मॉरिसमधून.
आता गावात कुणी जन्माला येत नाही
(त्यासाठी शहरातलं हॉस्पिटल आहे),
म्हणून मी गावाचा इतिहास लिहिते.

वही म्हणते:
चिमण्यांची डोकी, तीन डझन – सहा पेन्स.
घंटेच्या दोराला चरबी – चार पेन्स.
पोटुशी परकी बाई, शिवेपलीकडे नेऊन सोडली,
दोन माणसं, हातगाडी, बीअर धरून – दोन शिलिंग.
कोल्ह्याचं डोकं, एक – एक शिलिंग.

अक्षर कुठेही थरथरलेलं नाही.
मूल आपल्या हद्दीत झालं
तर आपल्याला पोसावं लागेल, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी त्या वाटेनं गेले.
जानेवारी होता, ऊन तिरपं.
अशा उन्हात कुरणाच्या गवताखालचे
सातशे वर्षांपूर्वीचे सरी-वरंबे वर येतात,
झोपलेल्याच्या बरगड्यांसारखे;
दुपारपर्यंत पुन्हा सपाट.
उपाशी टेकडी. विधवेचा तुकडा. रडकं शेत.
शेतांची ही नावं आता
फक्त माझ्या वहीत आणि क्लेम टॅपरच्या डोक्यात आहेत,
आणि क्लेमला हल्ली सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही.
हॉथॉर्नच्या कुंपणाशी दगड:
गुडघ्याएवढा, शेवाळलेला,
एका अंगाला मेंढ्यांनी पाठ घासून गुळगुळीत केलेला.
हातगाडीचं चाक सऱ्यांवरून कसं गेलं असेल
ते मला कुणी सांगायला नको.
कळा म्हणजे काय तेही.

मग शेजारच्या ब्रॅकस्टोचं दफ्तर काढलं.
तारीख तीच.
परकी बाई, आमच्या हद्दीत टाकलेली आढळली,
रात्रीच परत पोचवली – एक शिलिंग आठ पेन्स.
त्यांना स्वस्तात पडलं.
पुन्हा आमची वही: दोन शिलिंग.
पुन्हा त्यांची.
मग त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत, कोपऱ्यात, बारीक:
स्टीवन स्टोन, दगडापाशी सापडलेला. आई माहीत नाही.

आई माहीत नाही!
चार वेळा तिच्या नावानं पैसे खर्ची टाकले होते.
दफन दोन्हीकडे शोधलं.
दोन्हीकडे नाही.

यंदा जुनी फेरी पुन्हा काढली.
पाद्रीण बाईंकडे सहा चर्च आहेत, त्या गाडीनं थेट दगडाशीच आल्या.
शाळेच्या पोरीला टेकवायचं होतं,
आईबापांनी सही केलेला फॉर्म होता, उशी होती.
पोरगी खिदळली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मी म्हटलं, आता मला. उशी काढा.
पाद्रीण बाई माझ्या कमरेबद्दल काहीतरी बोलल्या.
क्लेमनं आणि त्याच्या नातवानं मला काखेत धरून उचललं
आणि सोडलं.

दगड ओला होता.
काखेपाशी क्लेमचा हात कापत होता.
"लागलं का, डॉर्कस?"
हो, म्हटलं. अंगाखाली कुठली बाजू
ऑल्डिंगची, कुठली ब्रॅकस्टोची,
ते कळत नव्हतं.
नंतर हॉलमध्ये चहा होता, बियांचा केक.
मी उभ्यानंच घेतला.